कसम आणि साबण

दवाखान्यात वर्षं काढलेल्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. माझ्याकडचे तर निम्मे संशयाचेच! निजामाच्या राज्यात परभणीतल्या एका छोट्या दवाखान्यात मी ड्रेसर होतो. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या. तिथे पेशंट डॉक्टरवर संशय घ्यायचा, डॉक्टर माझ्यावर आणि मी सगळ्यांवर.

* * *

आमचे डॉक्टरसाहेब हैदराबादचे. हात हलका, पण नजर फौजदाराची! त्यांचे दोन पेशंट ऑपरेशन चांगलं होऊनही नंतर जखम चिघळून गेले होते. तेव्हापासून म्हणायचे, "ऑपरेशन से कोई नहीं मरता. बाद में मरता है, गंदे हाथ से!" आणि माझे हात हुंगायचे.

"साबुन लगाया?"

"लावला, साहेब."

"कसम खा."

मी आईची शपथ घ्यायचो.

"अच्छा. अब फिर से लगा!"

* * *

पिंगळीचे माणिकराव आले तेव्हा त्यांच्या घशाखाली पाण्याचा घोटही उतरत नव्हता. अन्ननलिकेत कॅन्सरची गाठ. ती काढणं साहेबांच्या हातात नव्हतं. पोटाला भोक पाडून नळी बसवायची आणि तिच्यातून दूध, पेज ओतायची, एवढंच करता येत होतं. नाही तर माणूस उपाशी मरणार.

त्यांची बायको गोदाबाई पुढे झाली. "दुखणं गळ्यात, अन् पोट कामून कापायलाव?"

"बाई, सामने का दरवाज़ा बंद है. पीछे से जाना पड़ेगा."

"मागच्या दारानं चोर येतेत, साहेब!"

पण शेवटी कागदावर अंगठा दिला.

* * *

ऑपरेशन झालं. मी नळीला फनेल लावून दूध ओतलं. गोदाबाईंनी नवऱ्याला विचारलं, "गोड हाय का?"

माणिकरावांनी नकारार्थी मान हलवली. त्यांना काय कळणार, दूध जिभेला लागलंच नव्हतं!

"बघा! पाणीच ओतायलाय ह्यो!" बाईंनी सगळ्या वॉर्डला ऐकवलं.

दुसऱ्या दिवसापासून त्या पिंगळीहून रेल्वेनं घरच्या म्हशीचं दूध आणायला लागल्या. शिवाय पदरात गुळाचा खडा. आधी तो नवऱ्याच्या जिभेवर ठेवायचा, त्यांनी चघळून तस्तात थुंकायचा, मगच मला ओतायची परवानगी! "जिभेला कळू द्या, मग पोटाला," म्हणायच्या. मी हसायचो, पण गूळ चघळताना माणिकरावांचा चेहरा उजळायचा, हे खरं.

* * *

पाचव्या दिवशी ताप चढला. नळीभोवतीची जखम लालभडक, आत पू. साहेबांचा चेहरा पडला. तिसराही हातचा जातो की काय!

नेमक्या तेव्हाच खाटेच्या पायावर मुंग्यांची रांग दिसली.

"गूळ! इस औरत का गूळ!" साहेब कडाडले. गोदाबाईंना वॉर्डबाहेर काढलं. बाई व्हरांड्यात दुधाची चरवी मांडीवर घेऊन बसून राहिल्या. "म्या माझ्या धन्याला मारीन व्हय?" एवढंच येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायच्या.

मी खाली मान घालून जायचो. कारण मला माहीत होतं. दोन दिवसांपूर्वी मी हात न धुताच कसम खाल्ली होती. साहेब परत धुवायला लावतीलच, मग दोनदा कशाला? आणि नेमका तेव्हाच टांग्यातून बाळंतपणात अडलेली एक बाई आली. साहेब तिकडे धावले, "फिर से लगा" म्हणायचं राहून गेलं. मी तसंच ड्रेसिंग केलं. आजही आठवलं की स्वतःची लाज वाटते.

* * *

साहेबांनी टाका उसवून पू काढला. आता ताप उतरला तर माणूस राहणार, नाही तर नाही. मग ते खाटेशी बसले. "माणिकराव, सच बोलो. ज़ख्म को किसने हाथ लगाया?"

त्यांची खाट हात धुवायच्या मोरीसमोरच होती. माणिकरावांनी मोरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्याच, साहेब," ते कुजबुजले. "लय खाजत हुतं. पट्टीत बोट घातलं. गोदीला आत येऊ द्या."

साहेब त्यांच्यावर यथेच्छ ओरडले, पण गोदाबाईंना आत घेतलं. ताप उतरला. माणिकरावांनी पुढे दोन सुग्या पाहिल्या, दर खेपेला नळी बदलायला पिंगळीहून माझ्याकडेच यायचे.

पण ते नंतरचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ड्रेसिंगला गेलो. पट्टी सोडायला हात पुढे केला, तर त्यांनी मनगट धरलं.

"लावला, माणिकराव," मी म्हणालो. "आईची कसम!"

"कसम नगं," ते म्हणाले. "म्या बघतो, जा. लाव."