रास्ता रोकोत बसलेल्या सासूबाई

टीव्हीवर नेपाळची संसद जळत होती आणि मी सोफ्यावर मांडी घालून म्हणालो, "पेटू द्या! जुनं पेटल्याशिवाय नवं उगवत न्हाई."

बायको चहा घेऊन दारातच थांबली. "आई तिकडंच हाय," ती म्हणाली.

माझ्या सासूबाई वस्तीतल्या बायकांबरोबर बुद्धस्थळं बघायला गेल्या होत्या. जालन्याला त्यांची पिशवी बसमध्ये मीच चढवली होती. पण माझ्या हिशेबानं त्या अजून कुशीनगरलाच होत्या. लुंबिनी नेपाळात आहे, हे मी जाफराबादच्या शाळेत वर्षानुवर्षं पोरांना शिकवत आलोय. पुस्तकातली लुंबिनी आणि सासूबाईंची लुंबिनी एकच, हे मात्र त्या क्षणापर्यंत मास्तरला सुचलं नव्हतं.

तोवर वाद कसा रंगला होता! मंठ्याहून साडू आले होते. ते म्हणत होते, "पोरांनी सरकार पाडलं, बराबर. मंग चालवणार कोन? मोबाइलवरचा सोशल मीडिया बंद केला म्हनून कुठं राज उलटवत असतेत का?"

"मोबाइल निमित्त हो, साडूभाऊ. खरं दुखणं खाबूगिरीचं."

"तुमच्या वर्गात पोरानं खडू फेकला तर हेडमास्तरकडं पळता, अन् निघाले क्रांती करायला!"

आता साडूंनी गुपचूप टीव्हीचा आवाज बारीक केला. मी फोन लावला. लागेना. सहल नेणाऱ्या माणसाचा बायकोला सकाळी लागला होता, "निघालो" एवढंच तो बोलला होता. आता त्याचाही बंद. साडू शेंगा फोडत बसले, खाईनात. मी पेपर उघडून एकच ओळ वाचत राहिलो. भिंतीवरच्या घड्याळाला एवढा आवाज आहे हे मला माहीत नव्हतं. चहावर साय धरली.

दुपारी फोन वाजला. बायकोनं स्पीकर लावला.

"इकडं आलो गं आपल्या हद्दीत! जेवून राह्यलो," सासूबाई ओरडून बोलत होत्या, फोन मध्ये नसता तरी चाललं असतं.

वाटेत पोरांनी टायर टाकून रस्ता अडवला होता. ड्रायव्हर गाडी पुढं घेईना. सहलवाला दारातूनच हात जोडून विनवण्या करत होता. नामांतराच्या वेळी सासूबाईंनी किती रास्ता रोको केले, त्यांनाही आठवत नाही. त्या खाली उतरल्या आणि सरळ पोरांच्या शेजारी डांबरावर जाऊन बसल्या.

"रस्त्यात बसलेल्या मानसासंगं उभ्यानं बोलू न्हाई, बापू," त्यांनी मला समजावलं. "मंग बाकीच्या बाया बी आल्या. धपाटे काढले, शेंगदाण्याची चटणी काढली. पोरायच्या डोळ्याला पानी आलं, तरी मागून खाल्ली."

"मग सोडलं त्यांनी?"

"त्यांनी जल्दी सोडलं. आपल्याच बाया उठंनात!"

साडूंना राहवेना. "मामी, पन क्रांती बराबर हाय का न्हाई, तेवढं सांगा."

"मला काय म्हाईत? पोरं सकाळधरनं उपाशी होती. ते बिलकुल बराबर न्हवतं." मागून कुणीतरी वरण वाढू का विचारलं आणि फोन बंद झाला.

साडू हसले. मी हसलो. पाच मिनिटांत ते म्हणाले, "मामींचं ठीक हाय, पन सरकार चालवणार कोन?" आणि मी पुन्हा मांडी घातली.

बायको तोंड धुऊन आली. आता ती चिडेल म्हणून आम्ही दोघं पुन्हा गप्प झालो.

"गप नका बसू," ती खाली टेकत म्हणाली. "चालू द्या. मघाशी तुम्ही दोघं भांडायचे थांबले ना, तवाच माझा जीव गेल्ता."