ओदालिसमावशींची खिडकी

आमची रेवा सॉफ्टवेअरची नोकरी सोडून मायामीतल्या एका छोट्या नाटक कंपनीत बॅकस्टेज करायला गेली, त्याला आठ महिने झाले. "परत कधी येणार ते नीट विचारून ये," असं बायकोने बजावलं आणि शुक्रवारी सकाळी मी अर्विंगच्या घरून निघालो. विमानाचं तिकीट महिनाभर आधी काढलं तर स्वस्त पडतं. मी चार दिवस आधी काढलं, त्यामुळे आकडा लिहीत नाही.

विमानतळावर रेवाने माझ्या हातात गाडीची किल्लीच ठेवली. "बाबा, तू ड्राइव्ह कर. ओदालिसला रिहर्सलला न्यायचंय, मी मागे बसून तिच्या लाइन्स घेते."

ओदालिस म्हणजे क्यूबाच्या रंगभूमीवरची एकेकाळची नायिका. वय ब्याऐंशी. साखर कारखान्याच्या गावातली ही मुलगी सतराव्या वर्षी हवानात रंगमंचावर उभी राहिली, चार सिनेमे केले, मग देश सोडला. मायामीत दिवसा शर्टांच्या कॉलर शिवायच्या आणि संध्याकाळी गॅरेजएवढ्या जागेत नाटक करायचं. पुढे टीव्हीवरच्या स्पॅनिश मालिकांत ढीगभर आज्या केल्या. आता स्वतःच्याच आयुष्यावर एकपात्री प्रयोग, रविवारी दुपारी तीनला. मी सवयीने त्यांना मावशी म्हणालो. त्यांनी अर्थ विचारून घेतला, आणि मग दुसरं काही म्हणूच देईनात.

प्रकरण गंभीर आहे हे गाडीतच कळलं. प्रयोगात हवाना सोडतानाच्या सकाळी त्या खिडकी उघडतात आणि खाली आई कपडे वाळत घालताना दिसते. नेमक्या त्याच वाक्याला त्या अडत होत्या. 'आब्री ला वेंताना', मी खिडकी उघडली. पंचवीस मिनिटांच्या रस्त्यात सहा वेळा अडल्या. मला स्पॅनिश येत नाही, पण वाक्य पाठ झालं. दिग्दर्शक म्हणत होता, कानात यंत्र घाला, आतून शब्द देतो. मावशींना यंत्र नको होतं. मग ठरलं, रविवारी अडल्या तर पुढचे प्रयोग रद्द.

शनिवारी लिटल हवाना, म्हणजे मायामीतली क्यूबन वस्ती. मुख्य रस्त्यावर पार्किंग शोधू नका, मागच्या गल्लीत लावा. कॉफी हॉटेलात शिरून नाही, भिंतीतल्या खिडकीशी उभं राहूनच प्यायची. इवलासा कप, गोडमिट्ट आणि कडक. सोबत पेरूचा घट्ट जॅम भरलेली खारी. तिघांचं बारा डॉलरांत भागलं.

तिथे मी मावशींना माझी कर्मकथा सांगितली. कॉलेजात असताना नागपूरला मी प्रॉम्प्टर होतो. प्रॉम्प्टरने अख्खी ओळ द्यायची नसते, पहिला शब्द द्यायचा. आणि नटाने मुद्दाम पॉज घेतला असेल तर तोंड उघडायचंच नाही. मी ऐन स्पर्धेत नायकाच्या लांबलचक पॉजमध्ये शब्द फेकला. प्रेक्षक हसले, बक्षीस गेलं, आणि तो नायक एखाद्या लग्नात भेटला तरी अजून तोंड फिरवतो. मावशी हसता हसता खारीचे तुकडे पार साडीवर, चुकलो, झग्यावर सांडवून बसल्या.

रविवारी मला अगदी पहिली रांग मिळाली. पाऊण तास मावशींनी आम्हाला हसवत ठेवलं. मग त्या खिडकीपाशी आल्या, हात उचलला आणि थांबल्या. थिएटर चिडीचूप. पॉज की विस्मरण? शब्द माझ्या जिभेवर होता. विंगेत रेवा स्क्रिप्ट धरून उभी दिसली, त्या ओळीवर बोट ठेवून, अगदी मी ठेवायचो तसं. तिला बघून मला भरून आलं. मी दात आवळले. मावशींनी समोर पाहिलं, सावकाश हात पुढे केला आणि म्हणाल्या, "आब्री ला वेंताना." माझ्या शेजारच्या आजोबांनी चक्क माझ्याच बाहीला डोळे पुसले.

प्रयोगानंतर मेकअपरूममध्ये मी म्हणालो, "मावशी, काय पॉज घेतलात."

"पॉज कसला? सगळं कोरं झालं होतं," त्या खोट्या पापण्या काढत म्हणाल्या. "तुझ्याकडे बघितलं तर तुझे ओठ हलले."

मी शपथेवर सांगतो, मला पत्ताच नव्हता.

सोमवारी घरी पोचलो. बायकोने बॅग हातात घ्यायच्या आधी विचारलं, "मग? रेवा कधी येतेय परत?"

"विचारायचं राहिलं," मी म्हणालो. "तूच चल ना. मावशींचे अजून सहा प्रयोग आहेत. या वेळी तिकिटं महिनाभर आधी काढू."

तिने माझ्याकडे निरखून बघितलं. "विसरलास, का मुद्दाम गप्प बसलास?"