‘बंद’ म्हणायची भीती

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. म्हणजे करायचे. जोडीला माझा धाकटा भाऊ. एकाने लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरायचं, दुसऱ्याने वरच्या मशीनच्या खोलीत स्विचपाशी थांबायचं. खालचा फोनवर विचारणार, “बंद?” वरच्याने आधी स्विच पाडायचा, मग सांगायचं, “बंद.” अकरा वर्षं रोज हेच. इतकं अंगवळणी पडलेलं, की त्या दिवशी यांची जीभ हाताच्या आधी चालली. “बंद” म्हणाले, हात स्विचकडे निघालाच होता, तेवढ्यात तळमजल्यावर कुणीतरी बटण दाबलं. लिफ्ट खाली आली. माझा भाऊ खड्ड्यातच होता.

हे मला त्यांनीच सांगितलं, आठवड्याने, ओट्यापाशी उभं राहून. भाऊ गेलेला, नवरा समोर मान खाली घालून. चिडू तरी कुणावर?

काळ हेच औषध, असं जो तो सांगायचा. कसलं औषध अन् कसलं काय! वर्ष उलटलं तरी साध्या प्रश्नाला यांना हो म्हणता येईना. “दार लावलं?” म्हटलं की चेहरा पांढराफटक. उठून कडी बघायची, बसायचं, परत उठायचं. गॅसचं बटण तर वीस-वीस वेळा. कुठल्या इमारतीत लिफ्टची घरघर ऐकली की भिंतीला चिकटून उभे. मग मी विचारणंच सोडलं. लेकीलाही बजावलं, बाबांना काही विचारायचं नाही. मला वाटलं, मी फार शहाणी.

एका सकाळी नऊ वर्षांची पोर दप्तर पाठीला लावून गॅसपाशी उभी दिसली. बटणावर बोट टेकवून मोजत होती, “सतरा, अठरा…”

“काय चाललंय गं?”

“मी नाही बघितलं तर कुणीतरी मरेल.”

दुसऱ्याच दिवशी यांना अक्षरशः ओढत मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

त्या म्हणाल्या, “हे वेड नाही. एवढा धक्का बसला की मन पहाऱ्यावर बसतं, आणि धोका टळला तरी उठत नाही. तुम्ही विचारणं सोडलंत, त्याने भीती आणखीच पोसली गेली.”

मला असा राग आला! वर्षभर जीव जाळायचा मी, आणि वर चूकही माझीच? तसं तोंडावर म्हटलंसुद्धा.

“चूक नाही, माया आहे ती,” त्या म्हणाल्या. “पण तिचा उपयोग होत नाहीये.”

मग दर आठवड्याला हे त्यांच्यासमोर तो दिवस पहिल्यापासून शेवटपर्यंत बोलून दाखवायचे आणि पिळून काढल्यासारखे घरी यायचे. घरी नियम एकच. एकदा बघायचं, एकदा उत्तर द्यायचं, मागे फिरायचं नाही. भीती चढेल, चढू द्यायची. आपोआप उतरते, असं बाई सांगायच्या. खिडकीपासून सुरुवात केली. काही दिवस जमायचं, काही दिवस सगळं मुसळ केरात.

गॅसची पाळी आली त्या दुपारी आम्ही तिघं लेकीला बूट घ्यायला निघालो होतो. प्रश्न मी विचारायचा होता. मी ठरल्याप्रमाणे ओट्याकडे पाठ फिरवून उभी राहिले आणि म्हटलं, “गॅस बंद?”

यांची पावलं ओट्यापर्यंत गेली. मग मागून आवाज आला, “बंद.”

जिना उतरलो आणि पोर थांबली. “मी एकदाच बघून येते.”

यांनी तिचं मनगट धरलं.

“नको. मी बघितलंय.”

“पण बाबा, चुकलं असलं तर?”

“चुकू शकतो मी,” हे म्हणाले. “मामाच्या वेळी चुकलो. आत्ता मलाही पळत वर जावंसं वाटतंय. तरी जायचं नाही.”

पोर माझ्याकडे बघायला लागली. ते बटण मी बघितलं नव्हतं. भाऊ गेल्याचा राग छातीत तसाच होता, आणि पाय जिन्याकडे ओढत होते.

“बाबांनी सांगितलं ना,” मी म्हटलं. “चल.”