गाढवाची फरदड

आम्ही सिंदीला राहतो, म्हणजे सिंदी रेल्वेला. आमचे हे सकाळच्या गाडीनं बुटीबोरीला कारखान्यात जातात, त्यांची मोटरसायकल दिवसभर स्टेशनच्या बाहेर उभी राहते, आणि मी फाट्यावर उभी राहते. बारा किलोमीटरवरच्या एका खेड्यात मी मराठी शिकवते. तिकडे जाणारी काळीपिवळी माणसांनी ठासून भरल्याशिवाय जागची हलत नाही, त्यामुळे आठवड्यातून चारदा मला उशीर व्हायचा आणि मुख्याध्यापक मस्टरवर पेन आपटत म्हणायचे, "या मॅडम, या, मधली सुट्टी व्हायचीच आहे." माझं डोकं असं फिरायचं की पहिल्या तासाला कोणाचं काही चुकलं नसलं तरी पोरं चिडीचूप बसायची.

मला स्कूटर पाहिजे होती. हे सांगायचे, "पुढच्या दिवाळीत पाहू." अशा चार दिवाळ्या मी पाहिल्या. शाळा विनाअनुदानित, पगार तो काय, आणि तोही घराच्या हप्त्यात जायचा. शेवटी भिशीचा माझा नंबर लागला आणि चाळीस हजार हातात आले. साधी स्कूटर नव्वदची. पन्नास कमी. मी ते चाळीस हजार बँकेत टाकले आणि दहा दिवस नुसती धुमसत राहिले.

अकराव्या दिवशी हिंगणघाटहून माझा भाऊ आला. तो संगणकाची कामं करतो आणि क्रिप्टोमध्ये पैसे लावतो. मीम कॉइन म्हणजे काय ते त्यानं सांगितलं तेव्हा मला वाटलं हा माझी फिरकी घेतोय. कोणीतरी एका प्राण्याचं चित्र काढतं, त्याच्या नावानं नाणं काढतं, आणि जगभरचे लोक हसत हसत ते विकत घेतात. मागे ना कारखाना, ना शेत, ना दुकान. लोकांना गंमत वाटते तोवर भाव चढतो, गंमत संपली की मातीमोल. त्यानं दाखवलेल्या नाण्यावर गॉगल घातलेलं गाढव होतं. मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं.

"ताई, गेले तर रडणार नाई, इतकेच टाक," तो म्हणाला. "अन् चढलं तर पयले मुद्दल काढून घेजो."

मी पंधरा हजार टाकले. गेले असते तर मी रडलेच असते, पण हे त्याला सांगितलं नाही.

पंधरा दिवस गाढव जागचं हललं नाही. मग एका रविवारी दुपारी मी कणीक मळत होते, सहज कोपरानं फोन उजळवला, तर पंधराचे अठ्ठावन्न हजार झालेले. मी असा आवाज काढला की आमचे सासरे ओट्यावरून धोतर सावरत आत धावले. त्यांना वाटलं, भाजलं.

मी सासऱ्यांना मामाजी म्हणते. मामाजींनी चाळीस वर्षं जिनिंगवर कापसाची प्रत ठरवली. चिमटीत कापूस धरून दोन्ही हातांनी ओढायचा, धाग्याची लांबी पाहायची आणि भाव बोलायचा. शेतकरी आणि व्यापारी दोघंही त्यांचं ऐकत. मी पिठाच्या हातांनी फोन पुढे केला. त्यांनी चष्मा वर केला, गाढव नीट निरखून पाहिलं.

"हे काय खाते?"

"काई खात नाई, मामाजी. नुसतंच चढते."

"मंग उतरतही असंन," ते म्हणाले आणि खाटेवर बसले. मी त्यांना सगळं सांगितलं. स्कूटरला पन्नास कमी आहेत हेही. मला वाटलं होतं रागावतील, पण त्यांचे डोळे असे चमकले की मी पाहतच राहिले. भाव नावाची गोष्ट त्यांच्या घरात बऱ्याच वर्षांनी आली होती.

"थांबू का अजून?" मी विचारलं.

"पऱ्हाटी पाह्यली न तू? सगळे बोंडं एका दिवशी फुटत नाई. जेवढं फुटलं तेवढं वेचाचं, बाकीचं झाडावर राहू द्याचं. सगळं फुटाची वाट पाहाशीन तर पयलं बोंड मातीत पडते. चार वेचे कर. दर वेच्याले चार आणे."

पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड, आणि चार आणे म्हणजे पंचवीस टक्के. ॲपमध्ये विकायच्या पानावर पंचवीसचं बटन होतंच. मी ते दाबलं. साठाला टेकलेला भाव होता, पंधरा हजार आले. मुद्दल घरात. मी मामाजींना टाळी द्यायला हात पुढे केला, त्यांनी तो न समजून पिठाच्या हातात एक रुपयाचं नाणं ठेवलं. बोहनी.

त्यानंतरचे नऊ दिवस आमच्या घरात जे चाललं होतं त्याला तोड नाही. मी शाळेतून आले की चप्पल काढायच्या आधी मामाजींचा प्रश्न यायचा, "आपलं गाढव कितीवर हाय?" मी सांगायचे. ते बोटांवर मोजायचे, "आज नोको," किंवा "आज वेच." दुसरा वेचा सहापट भावाला झाला, तिसरा आठपटीला. चौथ्या वेळी मी शाळेच्या स्टाफरूममध्ये होते, मधल्या सुट्टीत, डबा उघडा, तोंडात भेंडीची भाजी. घरी फोन लावला. "नऊपट झालं, मामाजी." पलीकडून शांतपणे आलं, "वेच." मी दाबलं. आणि मग उरलेला डबा मी खाल्ला की कोणाला दिला, काही आठवत नाही. चार चोक सोळा आणे. पूर्ण रुपया. गाढवातून सुटले.

पैसे मात्र अंदाजापेक्षा बरेच कमी आले होते. मी म्हटलं, सरकारनं कर कापला असेल. या धंद्यात नफ्यावर तीस टक्के कर आहे एवढं मला माहीत होतं. चार वेच्यांचे मिळून त्रेसष्ट हजार, आणि बँकेत राहिलेले पंचवीस. अठ्ठ्याऐंशी. दोन हजारांसाठी काय थांबायचं, ते यांच्याकडून भांडून घेतले असते. त्याच संध्याकाळी मी दुकानात जाऊन निळा रंगही पाहून आले.

आठ दिवसांनी भावाला फोन केला, मिरवायला.

"ताई, कर नाई कापला कोणी," तो म्हणाला. "एक टक्का कापतात फक्त. बाकीचा तुले स्वतः भराचा हाय. चवदा-पंधरा हजार बाजूले ठेव."

माझा निळा रंग तिथेच उतरला. तो परत चौदा-पंधरा हजारांनी लांब गेला. मी त्याच्यावर डाफरले, "मंग पैसे कमी काऊन आले?"

"कितीचं बटन दाबलं तू?"

"पंचवीसचं. चार वेळा. झाले न शंभर?"

तो हसायला लागला. थांबेचना. मी म्हटलं, फोन ठेवते. तेव्हा कुठे तो म्हणाला, "अगे, ते पंचवीस टक्के उरलेल्याचे असतात. दर वेळी उरलं त्याचे. तुह्यापाशी अजून तिसरा हिस्सा पडून हाय. उघडून पाह्य."

सोळा आण्यांचा रुपया आमच्या हाडात असा मुरला आहे की चार आण्यांनंतरचे चार आणे कमी असू शकतात हे मला, मराठीच्या बाईला, सुचलंही नाही आणि चाळीस वर्षं भाव बोलणाऱ्या मामाजींनाही नाही. मी उघडून पाहिलं. गाढव मधल्या आठ दिवसांत चौदापटीवर गेलं होतं. माझा विसरलेला हिस्सा सहासष्ट हजारांचा झाला होता.

मी नाचले. खोटं कशाला सांगू, अंगणात एकटी नाचले. शेजारीण भिंतीवरून डोकावली, तिला सांगितलं पायात मुंग्या आल्या. एका चुकीनं माझी स्कूटर जागेवर आली होती, वर पैसे उरत होते. आणि तिथेच माझं डोकं फिरलं. चौदापट झालं तर तीसपट का नाही होणार? स्कूटर कशाला, जुनी चारचाकीच घेऊ. पाऊस लागणार नाही, ऊन लागणार नाही, मुख्याध्यापकांच्या समोर काच खाली करून नमस्कार करता येईल.

मामाजींना मोठ्या उत्साहानं सांगितलं. ते ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

"उपटून टाक," ते म्हणाले. "हे फरदड झाली."

फरदड म्हणजे शेवटचा वेचा झाल्यावरही पऱ्हाटी उपटायची नाही, पाणी देऊन उभी ठेवायची, आणखी चार बोंडं येतील म्हणून. बोंडं येतातही. पण गुलाबी अळी त्यात मुक्काम ठोकते आणि पुढच्या हंगामाचं पीक खाते.

"पऱ्हाटीले फुलं हायत, मामाजी. चढून राह्यलं न ते."

"फुलं असतात तवाच उपटाव लागते. वाळल्यावर तर कोणीही उपटते."

"हा कापूस नाई हाय," मी म्हटलं, आणि जीभ थांबली नाही. "तुम्हाले यातलं काय समजते?"

ते ओट्यावर जाऊन बसले. मला त्याच क्षणी वाईट वाटलं, पण मी माफी मागितली नाही, कारण माझी चूक असली की मला जास्तच राग येतो.

दुसऱ्या दिवशी सातवीला शुद्धलेखन घालत होते. एक वाक्य सांगायचं, फोन पाहायचा. सहासष्ट. एकसष्ट. चोपन्न. पोरं म्हणाली, "मॅडम, हे वाक्य झालं न." मी तेच वाक्य तिसऱ्यांदा सांगत होते. इतक्या दिवसांत भीती कधी वाटली नव्हती, कारण दर वेळी काहीतरी घरात आलेलं असायचं. आता मी नुसती त्या काचेला चिकटले होते. अळी कुठे मुक्काम करते ते मला तिथे, फळ्यासमोर, कळलं. मला स्कूटर पाहिजे होती. गाढव कुठे पाहिजे होतं? तास संपेपर्यंत भाव परत साठावर आला. मी व्हरांड्यात गेले, यावेळी शंभरचं बटन शोधलं, दोनदा वाचलं आणि दाबलं. साठ हजार.

घरी आल्यावर मामाजींना सांगितलं, "उपटली." त्यांनी मान हलवली. "बरं केलं." माझं कालचं बोलणं त्यांनी काढलं नाही.

कराचे पैसे वेगळ्या खात्यात टाकले आणि शनिवारी स्कूटर आणली. निळी. पहिल्या सोमवारी मी मुख्याध्यापकांच्याही आधी शाळेत पोचले. त्यांना गेट उघडायला मीच आत उभी होते. त्या सकाळच्या आनंदासाठी मी आणखी चार गाढवं पाळली असती.

बारा दिवसांनी भाव तिप्पट झाला. मी विकला त्याच्या तिप्पट. साठ हजारांचे एक लाख ऐंशी हजार झाले असते, आणि खाली यायचं नाव नाही. मी त्या संध्याकाळी भांडी अशी घासली की कढईची मूठ हातात आली. ह्यांनी मला आत ओढून दार लावलं.

"बाबांसमोर आदळआपट नोको करू," हे म्हणाले. "मोठे काका आठवतात न तुले? एका साली बाबानं त्याह्यले सांगतलं, कापूस विकून टाका. त्याह्यनं विकला, अन् पंधरा दिवसांत भाव चढला. काका मरेपर्यंत बोलले नाई बाबासंग."

मला हे माहीत नव्हतं. चाळीस वर्षं लोकांचे भाव ठरवणारा माणूस, आणि सख्ख्या भावाला सांगितलेला एक भाव त्यांच्या मानेवर बसलेला. तरीही मला त्यांनी "उपटून टाक" म्हटलं होतं. मी तोंड धुतलं आणि चहा घेऊन ओट्यावर गेले.

त्यांनी कप घेतला नाही. "सूनबाई," त्यांनी विचारलं, "भाव किती झाला त्याचा?" त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

"मेलं ते गाढव," मी म्हटलं. "मातीमोल झालं. तुम्ही होते म्हणून वाचली मी."

त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते पाहून मला एक लाख वीस हजारांचा फरक अगदीच किरकोळ वाटला, निदान त्या संध्याकाळपुरता. दुसऱ्या दिवसापासून ते पानठेल्यावर, दवाखान्यात, कापसाच्या बाजारात सगळ्यांना सांगत सुटले की सुनेला कसं बुडता बुडता बाहेर काढलं. मी शेजारी उभी राहून होय होय म्हणायचे. फोनमध्ये गाढव ठणठणीत चरत होतं, आणि माझे दात एकमेकांवर घासत होते.

मागच्या आठवड्यात माझा भाऊ येऊन गेला. तासभर ओट्यावर मामाजींशी बोलत बसला होता, आणि त्याच्या पोटात काही राहत नाही. मी कपाळावर हात मारला, पण तोवर तो गाडीत बसला होता. दुसऱ्या सकाळी मी स्कूटर काढत होते, मामाजी जवळ आले, आरशावरची धूळ बोटानं पुसली.

"गाढव मेलं म्हणते न तू?"

"हो, मामाजी." माझा आवाज मलाच खोटा वाटला.

"मेलंच राहू दे," ते म्हणाले. "तू बोलून राह्यली माह्यासंग. मले मोप झालं."