चार गार्ड, ऐंशी मिनिटं

ज्या वर्षी आमच्या क्लबच्या बास्केटबॉल संघातून चार जणी एकदम गेल्या, त्या वर्षी मी एकोणतीस वर्षांची होते आणि संघात मला अकरा वर्षं झाली होती. दोघींना बाहेरगावी नोकरी लागली, एकीचं लग्न झालं, एकीने गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतलं आणि पुन्हा बुटांच्या नाड्या बांधायच्या नाहीत असं ठरवलं. जुन्यांपैकी मी उरले. मला वाटलं, आता संघ माझ्याभोवती उभा राहील. माणसाला असं काहीही वाटू शकतं.

नवे सर आले ते पावसाळा संपता संपता. चाळिशीचे, बोलायला मृदू, कधी आवाज न चढवणारे. पहिल्याच सकाळी त्यांनी आम्हाला कोर्टाच्या मधोमध बसवलं आणि म्हणाले, "आपण संघाची पुनर्बांधणी करतोय. यंदा जिंकणं महत्त्वाचं नाही, घडणं महत्त्वाचं." पुण्यात पुनर्बांधणीचा अर्थ सगळ्यांना माहीत असतो. जुन्या भाडेकरूला आधी बाहेर काढतात, मग नवीन इमारतीत तुमची जागा नक्की आहे असं सांगतात.

सामना चाळीस मिनिटांचा, मैदानावर एका वेळी दोन गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ मांडणाऱ्या. तेव्हा वाटायला ऐंशी मिनिटं, आणि आम्ही गार्ड चौघी. मी एक. दुसरी लोणी काळभोरची, तिकडच्याच कॉलेजात शिकणारी, शांत आणि दणकट. पहाटेची बस पकडून यायची आणि कधी उशीर करायची नाही. तिसरी आमच्या क्लबच्या चिटणिसांची मुलगी. चौथी येरवड्याची, एकोणीस वर्षांची, चौघींत सर्वांत बुटकी आणि सर्वांत वेगवान.

ती पहिल्या दिवशी आली तेव्हा चिटणिसांनी विचारलं होतं, "येरवडा म्हणजे जेलजवळ का?"

"हो," ती म्हणाली, "जेलच्या बाहेर."

कोणी हसलं नाही. मी हसले, आणि तिने मला बघून ठेवलं.

सरांनी वाटणीचा कागद क्लबच्या फळ्यावर लावला. लोणीच्या मुलीला अठ्ठावीस मिनिटं, येरवड्याच्या मुलीला चोवीस, चिटणिसांच्या मुलीला सोळा, मला बारा. आदल्या वर्षी मी बत्तीस-तेहतीस मिनिटं खेळत होते. कागद वाचून मी बाटलीत पाणी भरायला गेले आणि बाटली भरून वाहायला लागली तरी नळ बंद करायचं सुचलं नाही.

सरांनी मला बाजूला घेतलं. "तुमच्याकडून मला खेळापेक्षा मोठं काहीतरी हवंय."

"काय, सर?"

"तुमचा अनुभव. या मुलींना शिकवा. तुम्ही या संघाच्या मोठ्या बहीण आहात."

बारा मिनिटं देऊन बहीण करून टाकलं. मी "हो सर" म्हणाले. घरी वारज्याला आल्यावर नवऱ्याला सांगितलं, तर तो मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "मग सोडून दे ना. बँकेची नोकरी आहे, सकाळी धावपळ कशाला?" त्याचं बरोबर होतं. म्हणूनच मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

बाकावर बसणं हेसुद्धा शिकावं लागतं. दहा मिनिटांत घाम वाळतो, वीस मिनिटांत गुडघा आखडतो, आणि मग अचानक सर मागे वळून म्हणतात, "चला, तयार व्हा." तुम्ही आत जाता तेव्हा बाकीच्या नऊ जणी तापलेल्या असतात आणि तुम्ही बसस्टॉपवरून आल्यासारख्या. पहिला पास हुकतो. तेवढंच लोकांच्या लक्षात राहतं.

शिकवायचं कबूल केलं होतं, म्हणून शिकवलं. येरवड्याच्या मुलीचा डावा हात कच्चा होता. प्रत्येक वेळी उजवीकडूनच घुसायची, आणि दोन सामन्यांत समोरच्यांना ते कळायचं. मी तिला सरावानंतर अर्धा तास थांबवायला लागले. उजवा हात पाठीमागे शॉर्ट्सच्या इलॅस्टिकमध्ये अडकवायला लावला आणि फक्त डाव्याने बॉल घेऊन कोर्टाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. ती चिडायची, बॉल पायावर आपटायचा, पुन्हा उचलायची. दिवाळीनंतर एका सकाळी तिने मला डावीकडून असं काही चकवलं की मी उभी होते तिथेच राहिले. आणि मला आनंद झाला. तो आनंद खरा होता, हे मला इथे लिहून ठेवायचं आहे, कारण पुढचं जे आहे त्यात माझ्या बाजूने सांगण्यासारखं फार नाही.

एकदा आम्ही दोघी कोर्टाच्या कठड्यावर केळी खात बसलो होतो. ती म्हणाली, "ताई, तू मला शिकवतेस आणि मिनिटं तुझीच जातात. राग येत नाही?"

"येतो."

"मग?"

"मग काय. शिकवते आणि रागावते. दोन्ही जमतं."

ती खूप हसली. तिचे वडील पोस्टात होते, आई शाळेत शिकवायची. घरातून पहिल्यांदाच कोणीतरी मैदानावर गेलं होतं. आई म्हणते, खेळायचं तर नीट खेळ, नुसतं घाम गाळायला जाऊ नकोस, असं तिने मला सांगितलं होतं.

चिटणिसांची मुलगी वाईट नव्हती, हे आधी सांगते. मेहनती होती, सगळ्यांशी गोड होती, डब्यातला खाऊ वाटायची. फक्त बॉल आपटताना तिची नजर खाली असायची, आणि नजर खाली असलेल्या गार्डला अर्धं मैदान दिसत नाही. जानेवारीत तिचे वडील रोज सकाळी जाळीपाशी येऊन उभे राहायला लागले. ते काही बोलायचे नाहीत. हात मागे बांधून नुसते उभे.

फळ्यावरचा कागद बदलायला लागला. येरवड्याच्या मुलीची चोवीसची वीस झाली, मग चौदा. चिटणिसांच्या मुलीची सोळाची तीस झाली. लोणीच्या मुलीची होती तिथेच राहिली, माझी आठवर आली. सरांकडे प्रत्येक वेळी कारण असायचं. येरवड्याहून येणारी बस अडकली आणि ती सात मिनिटं उशिरा आली, म्हणजे शिस्त नाही. तिने बॉल घालवला की लगेच शिट्टी, लगेच बदली, बाकावर. चिटणिसांच्या मुलीने घालवला की सर टाळ्या वाजवून म्हणायचे, "चालेल, चालेल, पुढचा बॉल!" नव्या संघाला चुका करायची मुभा असते म्हणतात. ती मुभासुद्धा कोणाला द्यायची ते ठरलेलं होतं.

हे मला दिसत होतं. लोणीच्या मुलीलाही दिसत होतं. एकदा ती बुटांची धूळ झटकत म्हणाली, "ताई, हे काय बराबर न्हाई." मी म्हणाले, "सरांना कळतं." तिने दुसरा बूट झटकायला घेतला.

मार्चमध्ये राज्यभरातल्या क्लबांची स्पर्धा आमच्याच मैदानावर होती. आम्ही कसेबसे उपांत्यपूर्व फेरीत पोहोचलो. त्याच्या आदल्या दिवशी सरावानंतर सरांनी मला थांबवलं. कागद त्यांच्या हातात होता, अजून फळ्यावर लावला नव्हता.

"उद्या मला अनुभव लागेल," ते म्हणाले. "तुम्ही अठरा मिनिटं खेळाल."

अठरा.

"आणि ती?" मी विचारलं.

"तिला शेवटी बघू. सामना हातात असेल तर दोन-तीन मिनिटं." त्यांनी कागदाची घडी घातली. "तुम्ही तिच्याशी बोला. तुमचं ऐकते ती. मी सांगितलं तर वाईट वाटेल तिला."

मला त्या क्षणी म्हणता आलं असतं, सर, ती आपली सर्वांत चांगली गार्ड आहे. म्हणता आलं असतं, तुम्हीच सांगा. अगदीच काही नाही तर, माझी अठरातली नऊ तिला द्या, एवढं तरी. मी बँकेत दिवसभर लोकांना नाही म्हणत असते, नाही म्हणायची सवय आहे मला. मी म्हणाले, "बरं."

ती कोर्टाच्या कडेला बसून नाड्या सोडत होती. मी शेजारी बसले आणि बोलायला लागले. संघ नव्याने घडतोय, धीर धरायला हवा, तू अजून एकोणीसची आहेस, तुझे दिवस पुढे आहेत, उद्याचा दिवस संघासाठी. बोलता बोलता मला कळत होतं की हे सगळं मला कोणीतरी आधीच ऐकवलेलं आहे, आणि तेव्हा ते मला किती खोटं वाटलं होतं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सरांचं कळलं. तुला काय वाटतं?"

"मला... संघासाठी ते बरोबर वाटतं."

"तुला, ताई. संघाला नाही."

मी म्हणाले, "बरोबर वाटतं."

तिने बूट पिशवीत टाकले आणि चपला घालून निघून गेली. दुसऱ्या दिवशीचा कागद तिने तेव्हा पाहिला नव्हता. तो संध्याकाळी लागला.

त्या सामन्यात मी आयुष्यात सर्वांत चांगली खेळले. खोटं कशाला सांगू. गुडघा दुखला नाही, पास हातातून सुटायच्या आधी कुठे जाणार ते दिसत होतं, तिसऱ्या सत्रात लागोपाठ दोन बास्केट मारले तेव्हा कठड्यावरची माणसं उठून उभी राहिली. तीन गुणांनी जिंकलो. सामना शेवटपर्यंत अटीतटीचा होता, म्हणून सरांनी तिला आत घेतलंच नाही. एक मिनिटही नाही. जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावून ती चाळीस मिनिटं बाकावर होती, आणि प्रत्येक टाइमआउटला उठून आम्हाला पाणी देत होती.

सामना संपल्यावर ती रांगेत सगळ्यांशी हात मिळवत माझ्यापर्यंत आली. "छान खेळलात तुम्ही," ती म्हणाली.

सहा महिने ती मला तू म्हणत होती.

उपांत्य फेरीत समोरच्या संघाच्या गार्ड वेगवान होत्या. मी एकोणीस मिनिटं त्यांच्या मागे धावले आणि त्यातली बरीच मिनिटं नुसतीच मागे होते. चिटणिसांच्या मुलीकडून त्यांनी बॉल असा काढून घेतला जसा टेबलावरून पेला उचलावा. आम्ही चोवीस गुणांनी हरलो. सर म्हणाले, "घडतोय आपला संघ."

पुढच्या आठवड्यात येरवड्याची मुलगी सरावाला आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी दोनदा फोन केला. मग मेसेज आला, "परीक्षा आहे." परीक्षा संपली तरी ती आली नाही. तेव्हा एका रविवारी मी स्कूटर काढून तिच्या घरी गेले.

दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं नीटनेटकं घर. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, खाली पुस्तकांचं कपाट, कपाटावर तिने शाळेत मिळवलेले दोन कप. तिच्या आईने मला अहो-जाहो करून बसवलं, चहा दिला. मुलगी समोरच्या खुर्चीत बसली. मी म्हणाले, पुढच्या मोसमात सगळं वेगळं असेल, मी सरांशी बोलेन, तिच्यासारखा डावा हात अख्ख्या क्लबमध्ये कोणाचा नाही.

आईने शांतपणे विचारलं, "एक विचारू का? तुम्ही हिला ते सांगायला आलात, धीर धर वगैरे, तेव्हा तुम्हाला किती मिनिटं दिली होती सरांनी?"

"आई, राहू दे," ती म्हणाली.

"नाही, मी फक्त विचारतेय. मीही शिक्षिका आहे. मला समजून घ्यायचंय."

"अठरा," मी म्हणाले.

"सांगायच्या आधी दिली होती की नंतर?"

"आधी."

आईने मान हलवली, जसं वर्गात एखाद्या मुलीने उशिरा का होईना पण खरं उत्तर दिल्यावर हलवतात. मग मला विचारलं, चहात साखर बरोबर आहे ना. मी चहा संपवला. दारापर्यंत सोडायला मुलगी आली, पण जिना उतरली नाही.

तिने खेळ सोडला. दुसऱ्या क्लबमध्ये गेली असती तर मला बरं वाटलं असतं. आमच्याविरुद्ध खेळून आम्हाला हरवलं असतं तर फारच बरं वाटलं असतं. तसं काही झालं नाही. पदवी घेतली, कुठेतरी नोकरीला लागली, एवढंच ऐकून आहे. चिटणिसांची मुलगी शिकायला परदेशी गेली. सर दोन वर्षांनी दुसऱ्या शहरातला दुसरा संघ बांधायला गेले. मी पुढचा मोसम बाकावर काढला, चार-पाच मिनिटं खेळले, आणि मग यादीत माझं नाव नाही हे मला क्लबच्या ग्रुपवर आलेल्या यादीतूनच कळलं.

निरोपाचा समारंभ मात्र त्यांनी नीट केला. शाल, नारळ, चिटणिसांचं भाषण. ते म्हणाले, यांनी स्वतःची मिनिटं तरुण मुलींना दिली, असा त्याग हल्ली दिसत नाही. टाळ्या वाजल्या. मी दोन वाक्यं बोलले आणि खाली बसले.

नंतर सगळे बटाटेवडे खात उभे होते. लोणीची मुलगी तोवर कर्णधार झाली होती. ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"ताई, त्या वक्ताला तिला खेळवलं असतं, तर फायनलला गेलो असतो आपण."

"हो."

"तुम्हाला म्हायती हुतं?"

"होतं."

तिने माझ्या हातातली प्लेट घेतली, तिच्यावर तिची ठेवली, आणि दोन्ही कचऱ्याच्या डब्यात टाकून मुलींकडे निघून गेली.