‘बरं वाटलं’चं इंग्रजी

माझी पहिली विद्यार्थिनी माझ्या दुप्पट वयाची होती, आणि तिला ना मराठी येत होतं ना हिंदी. इंग्रजीतले दोनच शब्द येत होते. हे आधी कोणी सांगितलं असतं, तर मी गेलेच नसते.

एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. तिचा नवरा सावनेरकडच्या कोळसा खाणीत यंत्रं बसवायला आलेला इंजिनियर. दोघं नागपुरात सिव्हिल लाइन्समधल्या एका बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत राहत. सगळे तिला रशियन बाई म्हणत. ती छातीवर बोट टेकवून प्रत्येकाला सांगे, “युक्रेन.” ऐकणारा मान डोलावून म्हणे, “हो हो, रशिया.”

मी पाचपावलीतल्या विणकराची मुलगी, नुकतीच मॅट्रिक झालेली. शाळेतल्या मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मला बोलावून सांगितलं, “खालच्या वर्गांना एक जागा निघणार आहे. तीन महिने त्या रशियन बाईंना इंग्रजी शिकव. मग मी त्यांनाच विचारीन. त्या समाधानी असतील तर जागा तुझी.”

ती जागा मला हवीच होती, कारण उमरेडचं एक स्थळ दारात येऊन बसलं होतं. नोकरी लागली तर त्यांना नाही म्हणू, असं बाबांनी कबूल केलं होतं. गिरणीच्या साड्यांपुढे आमच्या लुगड्यांना गिऱ्हाईक उरलं नव्हतं. दोन हातमागांपैकी एक बंद पडला होता आणि आईने त्यावर जुनी चादर टाकली होती. तेव्हापासून बाबा कामापुरतंच बोलत.

बाईचे दोन शब्द म्हणजे ‘गुड’ आणि ‘थँक यू’. ती त्या दोहोंवर संसार चालवत होती. आईने एकदा डब्यात भिवापुरी मिरचीचा रस्सा दिला. बाईच्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि तोंडातून “गुड”. मग एके दिवशी तिने आपला छोटा शब्दकोश मिटला, दोन्ही हात छातीशी नेले आणि फुलासारखे उघडले. मला कळलं. लोक भेटायला येतात, संत्री आणून देतात, तिला आनंद होतो, आणि सांगायला शब्द पुरत नाहीत.

मी शब्द काढले आणि नाटक करून शिकवले. ग्लॅड म्हणजे पाहुणा दारात आला की. सॅटिस्फाइडसाठी मी पोटावरून हात फिरवून मोठा ढेकर दिला. तिने तो शब्द आपल्या लिपीत लिहून घेतला. ढेकरही लिहिला असावा. डिलाइटेड मी गाळला. मी स्वतः कधी डिलाइटेड झाले नव्हते, तर तिला काय दाखवणार?

पण यातलं काही मला पटेना. आमच्या घरी ‘आनंद झाला’ असं कोणी म्हणत नाही; तो फक्त लग्नपत्रिकेत होतो. कोणी भेटलं, काम झालं, वेळेवर चहा मिळाला, की आम्ही म्हणतो, बरं वाटलं. हेच तिला शिकवायला हवं होतं. पाचपावलीपासून सिव्हिल लाइन्सपर्यंत चालता चालता मी ते जमवलं. बरं म्हणजे बेटर, वाटलं म्हणजे फील. “आय फील बेटर.” मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं.

बाईला ते इतकं आवडलं, की ती दूधवाल्यालाही तेच म्हणू लागली. शेजारच्या साहेबांच्या बायकोने मला थांबवून विचारलं, “यांची तब्येत बिघडली होती का?” मी म्हटलं, “नाही हो, ठणठणीत आहेत.” तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

घरी बाबांनी एवढंच विचारलं, “तू तिले शिकवून राहिली का तिच्यापासून शिकून राहिली?”

तीन महिने झाल्यावर मोठ्या बाई माझ्या विद्यार्थिनीकडे चहाला आल्या. मी दाराशी उभी. त्यांनी सावकाश विचारलं, “आर यू सॅटिस्फाइड विथ हर टीचिंग?” आता ही ढेकर देणार, अशी मला भीती वाटली. पण ती माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, “आय फील बेटर.”

मोठ्या बाईंनी कप खाली ठेवला. “यांना बरं नव्हतं का?”

तेव्हा कुठे मला उमगलं. मी खरं ते सांगून टाकलं. “बाई, मी ‘बरं वाटलं’चं इंग्रजी केलं.”

“तिथे प्लीज्ड म्हणतात. तुला हे कोणी शिकवलं?”

“मीच.” उमरेडचे पाहुणे मला पाटावर बसलेले दिसू लागले.

मोठ्या बाई तिच्याकडे वळल्या. “यू आर प्लीज्ड. नॉट बेटर.”

तिने मान हलवली. “नो.” मग खिडकीबाहेर, खाणीच्या दिशेने बोट केलं आणि एकेक शब्द शोधत बोलली. “हजबंड, माइन. डे, डे, डे. आय, हियर. क्राय.” आणि माझ्याकडे बोट करून, “शी कम. आय फील बेटर.”

सुरुवातीच्या दिवसांत तिचे डोळे लाल असत. मला वाटायचं, आमचं ऊन सोसत नसेल. मला तिथेच रडू आलं, आणि माझी मलाच लाजही वाटली. मोठ्या बाईंनी उरलेला चहा संपवला. निघताना म्हणाल्या, “सोमवारपासून ये. इंग्रजी मी सुधारून घेईन.”

ते त्यांनी घेतलंच. पुढे तीस वर्षं मी पोरांना ग्लॅड आणि प्लीज्ड शिकवत आले, अर्थात ढेकर न देता. बाई वर्षभरात परत गेली. बंगल्यामागच्या त्या दोन खोल्या, टेबलावरच्या संत्र्यांच्या साली, तिचं ते बोट टेकवून “युक्रेन” म्हणणं, अजूनही आठवतं आणि जीव थोडा हळवा होतो.

त्या दिवशी मात्र मी जवळजवळ पळतच घरी आले. बाबा मागावर होते. जागा मिळाली म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांनी हातातला धोटा थांबवला. विणता विणता ते मधेच कधी थांबत नसत.

“उमरेडले पत्र टाकतो मंग,” ते म्हणाले. मग, चादर टाकलेल्या मागाकडे बघत, “बरं वाटलं वं.”

तो माग बंद पडल्यापासून हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. इतके दिवस त्यांना बरं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.