निघोजच्या कुंडात माशांची खानेसुमारी

मास्तर म्हनालं, "बाळ्या, निघोजला येतोस? कुंडातल्या माशांची खानेसुमारी करायचीय."

"धरायचं का मग?"

"खानेसुमारीचा कारकून माणसं धरतो का रे? बघायचं, मोजायचं, निघायचं."

चौथीत मला दोनदा नापास करून बसवनारा मानूस सोताहून बोलवतोय म्हनल्यावर मी सोडतोय व्हय!

पारनेरहून पहाटं बैलगाडीनं निघालो. तुमी गेलात तर गाडीवानाजवळ बसा, मागं लई धूळ खावी लागती. मी मास्तरांना मागं बसवलं. निघोजला उतरलं तवा गिरनीतनं निघाल्यावानी दिसत हुतं. एका आन्यात दोन कप चहा पाजला, मग हासलं.

कुंड गावापास्नं चालत जान्याजोगं हाय. नदीनं काळ्या दगडात रांजनासारखं खड्डं कोरल्यात, काय हंड्याएवढं, काय हिरीएवढं. उनाळ्यात धार बारीक झाली की मासं त्यातच अडकून ऱ्हात्यात. अनवानी जाऊ नका, दगुड तव्यासारखा तापतो.

तिथं देवीचं गुरव, तात्या, काठी घिऊन उभं. "मासं देवीचं हायती. एकाला जरी हात लावला, तर गाठुडं उचलायचं."

मास्तर वाकलं की पांढऱ्या धोतराची सावली पान्यात, आन् मासं कपारीत पसार. तीन रांजनं झाली, एक शेपटी दिसंना.

"मासे नाहीतच बहुधा," मास्तरांचं तोंड उतरलं.

"हायती की. तुमी वर्गात आल्यावर आमी बी असंच खांबामागं जायचो."

मग मी घरनं शिदोरी आनल्याली पिठल्याची खरकटी कढई घेतली आन् काठावर वाळूनं घासत बसलो. बायका भांडी घासत्यात तिथं मासं खरकट्याला येत्यात, हे मला ठावं हुतं. आधी बारक्या मुऱ्या आल्या, मग लांबडी वांब, मग एक जाडी मरळ. मास्तर पालथं पडून बोटांवर मोजत हुतं.

शेवटच्या रांजनात मातुर पानी गुडघ्याएवढंच उरल्यालं, तेबी कोमट. मासं वर येऊन तोंडं वासत हुतं. मास्तरांनी बाही सारली. तात्यांनी काठी आपटली.

"हात न्हाई!"

"अहो, मरतील ते!"

"मला दिसत न्हाई व्हय? पर देवीला काय सांगू?" म्हाताऱ्याचा आवाज फाटला.

मी म्हनालो, "तात्या, पान्याला हात लावल्यालं चालतं का?"

तात्या घुटमळलं. "पान्याला कोन न्हाई म्हनतंय?"

झालं! मी धारंकडं पळालो. माझी कढई, मास्तरांचा तांब्या, धुनं धुनाऱ्या सगुनाकाकूची घागर.

"एकदम ओतू नका, काठाकाठानं!" मास्तर वरडलं.

"कढई वाकडी धरतोय मेला!" तात्यांनी काठी टाकली आन् काकूची घागर हिसकली.

"गुरवबुवा, कधी घरी पानी भरलंय का?" काकू खिदळली.

पानी मांडीएवढं झालं. मासं एकेक करून खाली गेलं. एक बी उलटं झालं न्हाई.

मास्तरांनी डोक्याला हात लावला. "अरे, हे मोजायचेच राहिले!"

"लिवा, समदं जित्तं हायती," तात्या म्हनालं. "उद्यापास्नं रोज घागरभर पानी मी टाकतो."

येताना मीच मागं बसलो, धूळ खात. लई बरं वाटत हुतं.

घरी आई म्हनली, "नदीवर जाऊन एक मासा न्हाई आनला?" मग कढई बघितली. "आन् ही एवढी चकचकीत कोनी घासली?"

म्हनलं, "माशांनी."